फ्यूज शाबूत होता

नवतप्याचा चौथा दिवस.
लग्नाचा मांडव अजून उतरला नव्हता,
त्याची जांभळीची पानं चुरली
की तंबाखूसारखी व्हायची हातात.
रात्री नऊला बोर्डातून आधी वास आला,
रबरी चप्पल चुलीत पडल्यासारखा,
मग फट्‌ झालं,
आणि कूलर कुरकुरत, रेंगाळत थांबला.

राऊतांकडे लाइट होती.
म्हणजे लाइन गेली नव्हती, आपलंच काहीतरी.
बाबा खुर्चीवर चढले, किटकॅट उपसला,
टॉर्चपुढे धरला आणि पैज जिंकल्यासारखे म्हणाले,
"पाहा, फ्यूज शाबूत हाय.
दोन वर्सं झाले, एकडाव गेला नाही.
म्या सोता बांधला."

आत सायकलच्या ब्रेकची तार होती. तिपदरी.

पुष्पकला वहिनी, आठ दिवसांची नवरी,
दारामागून म्हणाली, "मेन पाडा आधी."
कोण बोललं ते कोणालाच कळलं नाही.
कळल्यावर आई म्हणाली, "तू कायले येतं मंधात?"

ती आली. चप्पल घालून आली.
हिरवा चुडा वर सारून पदराने बांधला,
मेनचा खटका पाडला,
टेस्टर लावला, पुन्हा लावला.
बाप पांढरकवड्याला लाइनमन.
खांबावर चढणाऱ्याच्या घरी
दोनदा पाहायची सवय असते.

बोर्ड उघडला. मागे
वायरीचं कातडं गळून डांबर झालेलं,
पट्टीचा कोळसा,
आणि त्याला चिकटून वाळलेली एक पाल.
"पालीनं केलं," बाबा म्हणाले लगेच.
वहिनीने पालीकडे पाहिलं,
मग ब्रेकच्या तारेकडे.
"पहिले कधीच जात नव्हता फ्यूज," बाबा पुन्हा.
"जात नव्हता," ती म्हणाली, "हेच तर."

मग आत जाऊन पेटीतून
कुंकवाचा करंडा घेऊन आली.
मला वाटलं, आता पूजा मांडते की काय.
झाकण उघडलं तर कुंकू नव्हतं.
काडीवर गुंडाळलेली कल्हईची तार,
केसाहून जरा जाड,
पाठवणीच्या दिवशी बापाने दिलेली.

मी टॉर्च धरला.
"भाऊजी, भितीवर नका मारू, बोटावर मारा."
जळकं कापलं, नवं पिळलं, टेप गुंडाळली,
किटकॅटमध्ये एकच पदर टाकला.
"डबल टाक," बाबा म्हणाले, "टिकन."
"थे टिकाले नसते, मामाजी. जायालेच असते."

मेन वर.
मग एकेक.
बल्ब. आला.
देवाजवळचा झिरो. आला.
पंखा, नेहमीची खडखड करत.
टीव्ही राहू दे म्हणाली आई, पण तोही आला.
कूलर.
टिक्‌.
इतका बारीक आवाज,
आणि सगळं घर काळं.
या वेळी वास नाही, धूर नाही.
अंधारात फक्त चुडा वाजला,
आणि वहिनी हसत म्हणाली, "सापडला."

कूलरची पिन काढून तिने टाकीत हात घातला.
पंपाच्या तोंडाशी खसाची जट,
आत पाणी शिरलेलं.
पंप उंबऱ्यावर वाळत ठेवला,
किटकॅटला करंड्यातला दुसरा तुकडा लागला,
आणि ती रात्र आम्ही कोरडी गरम हवा खात काढली.
आई दोनदा उठून बोर्डाला
लांबूनच नाक लावून आली.

सकाळी पाहतो तर बाबा
ब्रेकची तार पक्कडीने उलगडत बसलेले,
तिन्ही पदर वेगळे,
जणू कुणाची तरी गाठ सोडवत होते.
काही बोलले नाहीत.
चहा झाला, बैल सोडले,
दुपट्टा डोक्याला बांधून विहिरीकडे निघाले
आणि दारातच थांबले,
पाठमोरे.

"त्या करंड्यातली हातभर देजो, बाई.
मोटरीच्या पेटीतबी
म्याच बांधला हाय."

वहिनीने भाकरी तव्यावर उलटली.
"मोटर किती एचपीची?"